पीएचपी ८.३, अकरा महिने वापरून: तेरा तालुके पास, मुक्ताईनगर नापास

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेरला सासुरवाडीला गेलो होतो. ताटात खापरावरचे मांडे, वाटीत आमरस, आणि समोर शालक. पहिला मांडा मोडायच्या आधीच त्यानं विचारलं, "काय दाजी, कितला डॉलर व्हयनात?"

हा त्याचा ठरलेला विनोद. मी ज्या पीएचपी नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करतो, तिच्यात प्रत्येक व्हेरिएबलच्या (माहिती ठेवायच्या नावाच्या) आधी डॉलरचं चिन्ह लावावं लागतं, म्हणून मी दिवसभर डॉलर मोजतो आणि घरी रुपये आणतो, असं तो सगळ्या पंगतीला ऐकवतो. तो पुण्याला पायथन या दुसऱ्या भाषेवर काम करतो. एरवी मी हसून सोडून देतो. या वेळी हसू आलं नाही, कारण चारच दिवसांपूर्वी माझा प्रोग्रॅम ऐन केळीच्या कटाईत झोपला होता आणि ही बातमी त्याच्या बहिणीनं माझ्याआधी माहेरी पोचवली होती. तेव्हाच ठरवलं, एकदा सगळं लिहून काढायचं. पीएचपी म्हणजे काय वगैरे सांगत बसणार नाही. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिला शिव्या घातल्या असतील, उरलेल्यांनी तिच्यावर पोट भरलं असेल. मी दोन्ही केलंय.

फैजपूरच्या एका केळी व्यापाऱ्याचं पावत्यांचं काम माझ्याकडे आहे. शेतकऱ्याचं नाव, गाव, केळीचा प्रकार (नवती की पिलबाग की वापसी), वजन, भाव, हमाली, निव्वळ रक्कम. गेल्या जूनमध्ये जुनं ७.४ काढून ८.३ टाकलं. दुकानात चार जीबी रॅमचं जुनं विंडोज मशीन, त्यावरच सर्व्हर. दिवाळीपर्यंत पावत्या इंग्रजीत होत्या. मग शेठ म्हणाले, शेतकऱ्याला वाचता येईल अशी पावती दे. मी मराठी केली, दोन दिवसांत. छान दिसत होती. पाच महिने छान दिसत राहिली.

सरत्या चैत्रातली सकाळ. काट्यावर दोन गाड्या उभ्या, ऊन नऊ वाजताच चटके देतंय, आणि शेठचा फोन: "काय हून राह्यलं रे भो? आजच्या पावत्या सगळ्या गायब!" स्क्रीनवर यादीच्या जागी पांढरा कागद. ना एरर, ना इशारा. मी पोचेपर्यंत मुनीमजींनी जुनं पावती पुस्तक काढून हातानं लिहायला सुरुवात केलेली आणि माझ्याकडे बघायचंही नाही असं ठरवलेलं.

डेटा शाबूत होता. चूक एका ओळीत निघाली. इंग्रजी पावतीत गावाच्या रकान्याला २० अक्षरं ठेवली होती, त्यापुढचं नाव सबस्ट्र फंक्शननं कापायचं. मराठी करताना ती ओळ तशीच राहिली. पण सबस्ट्र अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं, म्हणजे संगणकाच्या साठवणीचं माप. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, उकार, हलन्त, प्रत्येकाचे वेगळे तीन. म्हणजे २० बाइटांत सहा चिन्हं बसतात आणि सातव्याचे दोन तुकडे आत, एक बाहेर.

आता गंमत बघा. रावेर पाच चिन्हं, १५ बाइट. सावदा १५. यावल १२. फैजपूर १८, भुसावळ १८. शेठचा माल येतो तो चिनावल, खिरोदा, विवरे, भालोद इथून, ती सगळी १८ च्या आत. त्या रात्री मी जळगाव जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांची नावं मोजली. १३ तालुके २० बाइटांत बसतात. बसत नाहीत फक्त दोन: चाळीसगाव, २४, आणि मुक्ताईनगर, ३०. चाळीसगावहून आमच्याकडे केळी येत नाही. आणि त्या सकाळी हंगामातला पहिला मुक्ताईनगरचा शेतकरी काट्यावर आला. एदलाबाद हे जुनं नाव असतं तर २१ बाइट, तेही गेलंच असतं, म्हणजे नाव बदलणाऱ्यांना दोष देता येत नाही.

मुक्ताईनगरमधला "ई" अर्धवट कापला गेला. तो तुटका बाइट घेऊन जेसन (यादी स्क्रीनकडे पाठवायचा साचा) बनवायला गेलं की पीएचपीचं जेसन_एनकोड "फॉल्स", म्हणजे नुसतं "नाही", परत देतं. गप्प. एका नासक्या आंब्यानं अख्खी अढी नासावी तसं एका गावानं दिवसभराची यादी घालवली. मला राग बाइटांचा नाही. राग या गप्प बसण्याचा आहे. चूक झाली की ओरडायची सोय ७.३ पासून आहे, पण ती आपण मागितली तरच. न मागता ओरडेल ती पीएचपी कसली.

पंगतीत हे सांगितल्यावर शालकाला दुसरा मांडाही गोड लागला. जेवण होताच लॅपटॉप उघडून त्यानं पायथनला मुक्ताईनगरची लांबी विचारली. उत्तर १०. "बघा दाजी. तुमचं ३० सांगतं."

मी म्हटलं, दहा अक्षरं दाखव बोट ठेवून. मु, क्ता, ई, न, ग, र. सहा. सासूबाईंनीही मोजली, सहाच. मग मी माझा लॅपटॉप काढला आणि ग्राफीम_स्ट्रलेन चालवलं. सहा! डोळ्याला दिसतं तेवढं मोजणारं फंक्शन पीएचपीच्या सोबत येणाऱ्या इंटल नावाच्या एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे जोडभागात, आहे. त्याला त्यासाठी वेगळी लायब्ररी बसवावी लागली, तीही सासुरवाडीच्या नेटवर. तेवढ्यात माझा तिसरा मांडा झाला.

इथवर लिहून मी हा मजकूर पाठवणारच होतो, पीएचपी जिंकली म्हणून. मग दुकानात येऊन तेच फंक्शन चालवलं तर उत्तर सात. भाषा तीच, नाव तेच, मशीन वेगळं. इंटलच्या पोटात आयसीयू नावाची लायब्ररी असते. दुकानातली जुनी, ती "क्ता"चे "क्" आणि "ता" असे दोन धरते. माझ्या लॅपटॉपवर नवं उबंटू आहे, म्हणून तिथली लायब्ररीही नवी. जोडाक्षर मधून तोडायचं नाही हा नियम युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या जागतिक प्रमाणाच्या) १५.१ आवृत्तीत आला, २०२३ साली. बाराखडी घोकून दमलेल्या पोराला पहिलीत जे कळतं ते संगणकाला २०२३ पर्यंत कळलं नव्हतं, याचं काय करायचं ते करा. पण "माझी भाषा बरोबर मोजते" ही फुशारकी मी मागे घेतो.

दुसरी फुशारकी मेच्या बिलानं मागे घ्यायला लावली. पावती झाली की शेतकऱ्याला मेसेज जातो. मराठी मेसेज एका एसएमएसमध्ये ७० चिन्हांचा, त्यापुढं गेला की दोन एसएमएसचे पैसे. इथं डोळ्याला दिसणारी अक्षरं चालत नाहीत, काना-मात्रा सुट्ट्या मोजल्या जातात. म्हणजे पायथननं सांगितलेलं १० हेच इथलं खरं उत्तर. पीएचपीत त्यासाठी एमबी_स्ट्रलेन आहे, पण स्ट्रलेन हे साधं नाव घेतलं की मिळतं ते बाइटवालंच. आमचा मजकूर गाव फैजपूर असेल तर ६८ भरतो. मुक्ताईनगर असेल तर ७२. परत तेच गाव! चाळीसेक शेतकरी तिकडून यायला लागलेत, प्रत्येकाचा मेसेज दुप्पट भावात.

मी "धन्यवाद" काढायचं सुचवलं, तो सातचा आहे. शेठ म्हणाले, "माल त्याचा, उन्हात तो उभा, आन् आपन धन्यवाद बी नाही म्हनायचं?" मग "क्विंटल"वर नजर गेली. दिसायला तीन अक्षरं, मोजायला सात. त्याचं "क्वि." केलं, पाच. बरोबर ७०. त्यासाठी मेसेजचा टेम्प्लेट पुन्हा डीएलटीवर, म्हणजे असे मेसेज जिथं नोंदवावे लागतात तिथं, मंजूर करून घ्यावा लागला. दोन चिन्हांसाठी एवढी धावपळ केली म्हणून बायको हसली, पण पैसे शेठचे असले तरी शिव्या मला पडतात.

शालकाला एक गोष्ट मी आता मोकळेपणानं देतो. पायथनवाल्यांनी २००८ साली तिसरी आवृत्ती काढताना सगळ्या जगाचा जुना कोड मोडला, पण मजकूर म्हणजे युनिकोड हे एकदाच ठरवून टाकलं. बारा वर्षं शिव्या खाल्ल्या, १ जानेवारी २०२० ला दुसरी आवृत्ती बंद केली, मोकळे झाले. पीएचपीनंही हेच करायचं ठरवलं होतं, सहाव्या आवृत्तीत. ते जमलं नाही, २०१० मध्ये सोडून दिलं आणि पुढची मोठी आवृत्ती थेट सात नंबरची काढली. ज्या सहाव्या आवृत्तीचं मी तेव्हा सावद्याच्या क्लासमध्ये पोरांना आमिष दाखवत होतो, ती आलीच नाही. त्या अर्धवट सोडलेल्या कामाचं व्याज मी मुक्ताईनगरच्या रूपानं भरलं.

आणखी एक कबुली, घाईत देतो. वजनाच्या रकान्यात मुनीमजींनी एकदा १२,४५० असा स्वल्पविराम टाकला. पीएचपीनं त्याचं फ्लोट (दशांश संख्या) करताना स्वल्पविरामापर्यंत वाचलं आणि पुढचं सोडून दिलं. बारा किलो केळी. गाडीवर चढलेला हमाल हसायला लागला म्हणून सापडलं. पायथननं तिथंच हात वर केले असते. यावर मला बोलायचं नाही.

तरी मग सोडत का नाही? कारण त्याच इंटलनं मला हंगामातला सगळ्यात मोठा आनंदही दिला. साध्या नंबर_फॉरमॅटला लाख कळत नाही, ते हजार-हजारांवर स्वल्पविराम देत सुटतं. इंटलच्या नंबरफॉरमॅटरला मराठी, भारत एवढं सांगितलं आणि पावतीवर १,८७,४५० असं देवनागरीत, लाखाच्या जागी स्वल्पविराम देऊन उमटलं. शेठनी ती पावती उचलून उजेडात धरली. अकरा महिन्यांत कौतुक म्हणून एवढंच मिळालं, पण पुरलं. आणि हे सगळं चालू करायला काय लागतं? सेटिंगच्या फाइलीत "एक्स्टेंशन=इंटल" ही ओळ असते, तिच्या सुरुवातीचा अर्धविराम पुसायचा. बस्स. तो अर्धविराम पुसायला मला वीस वर्षं लागली.

हाच अर्धविराम होस्टिंगवाल्यांकडे पुसून घ्यायला गेलो तेव्हा तीन दिवस चॅटवर घातले. शेठना घरबसल्या हिशेब बघता यावा म्हणून एक प्रत बाहेरच्या सर्व्हरवर ठेवलीय. तिथं इंटल बंद. पहिल्यानं सांगितलं, कॅश साफ करा. दुसऱ्यानं सांगितलं, ब्राउझर बदला. तिसऱ्याला प्रश्न कळला, आणि तो म्हणाला, हे वरच्या प्लॅनमध्ये मिळेल. एका अर्धविरामासाठी वर्षाला दुप्पट पैसे! नाव घेत नाही. वरचा प्लॅनही घेतला नाही. पावत्या दुकानातच तयार करून ती तयार पानंच वर चढवतो, शेठना फरक कळत नाही.

आणि दुकानातलं ते म्हातारं मशीन. लाइट दिवसातून दोनदा जाते, यूपीएस नावाला आहे. लाइट आली की सर्व्हर आपोआप उठतो आणि पीएचपी काही झालंच नाही अशी कामाला लागते. तिला आधीचं काही आठवतच नसतं. पान मागितलं की जन्मते, पान देऊन मरते. चार तासांपूर्वीची गळती मेमरीत साचून बसली, असला प्रकार नाही. शालकाला हा विसरभोळेपणा मागासलेला वाटतो. त्यानं एकदा भर उन्हात, लाइट गेलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, मुनीमजींना फोनवरून प्रोसेस रीस्टार्ट करायला सांगून बघावं.

रकान्यांचं जाता जाता सांगतो, कारण ८.३ घ्यायचं मूळ कारण तेच होतं. या आवृत्तीत मोकळी जागा भरून रकाना सारखा करणारं एमबी_स्ट्र_पॅड आलं, पुढंमागं मराठी पावत्या केल्या तर रकाने सरळ येतील म्हणून मी उड्या मारत घेतलं. ते काना-मात्राही मोजतं, त्यामुळे रकाने होते तसेच वाकडे. शेवटी साधा एचटीएमएल तक्ता करून ब्राउझरमधून छापलं. ब्राउझर रुंदी स्वतः बघतो, नाव कापायची गरजच नाही. ज्या ओळीनं ती सकाळ घालवली ती ओळच काढून टाकली.

परवा शेठनी नवीन काढलंय. बऱ्हाणपूरकडचा माल सुरू झाला आणि गाववार बेरजेत बऱ्हाणपूर दोनदा येतंय, दोन वेगळ्या बेरजा. दिसायला एकसारखी नावं. एक मुनीमजींनी दुकानात टाइप केलेलं, एक त्यांच्या पोरानं मोबाइलवर. एकात "ऱ" हे सलग एक चिन्ह आहे, दुसऱ्यात "र" आणि खाली वेगळा नुक्ता. इंटलमध्ये अशी चिन्हं एकाच रूपात आणणारा नॉर्मलायझर आहे, आज रात्री बसवतो. त्याआधी दोन्ही नावं कॉपी करून शालकाला पाठवली, तुझ्या पायथनला विचार ही सारखी आहेत का.

उत्तर आलं, "फॉल्स." खाली लिहिलं होतं, "दाजी, हे कसं काय?"