काड्या चार, बोलणे अर्धवट: एका मोबाइल सेवेचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी जूनमध्ये मी जुना क्रमांक कायम ठेवून दुसऱ्या कंपनीची प्रीपेड सेवा घेतली. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवल्यावर आलेला कोड चार दिवस चालतो. मी तो दुसऱ्याच दिवशी दुकानात दिला आणि हस्तांतर विनातक्रार पार पडले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझे गाऱ्हाणे मुख्यतः एका टॉवरविषयी आहे आणि त्याच कंपनीची सेवा शेजारच्या तालुक्यात अगदी निराळी असू शकते. माझा वापर कोथरूडमधील सदनिका, संगमेश्वर तालुक्यातील आमची वाडी आणि या दोहोंमधला कुंभार्ली घाट, एवढ्यात सामावलेला आहे.

कोथरूडविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही, आणि हीच त्या सेवेची पावती. शहरात टॉवर जवळजवळ असतात, त्यांची ताकद बेताची ठेवलेली असते आणि एका टॉवरची फ्रिक्वेन्सी थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येते. प्रदेशाचे असे लहान लहान ‘सेल’ पाडण्याची कल्पना बेल लॅब्ज या अमेरिकी दूरध्वनी संशोधन संस्थेतील डग्लस रिंग यांनी १९४७ मध्ये मांडली होती. मर्यादित फ्रिक्वेन्सीत लाखो माणसे एकाच वेळी बोलू शकतात ती याच युक्तीमुळे. रात्री नऊच्या सुमारास इंटरनेट मंदावते, पण कॉल तुटत नाही.

घाटात मात्र परीक्षा सुरू होते. चालत्या गाडीत फोन आजूबाजूच्या टॉवरांचे सिग्नल सतत मोजून नेटवर्कला कळवत असतो आणि आपल्याला पुढच्या सेलकडे केव्हा सोपवायचे, हे नेटवर्क ठरवते. त्यासाठी दोन सेलच्या हद्दी एकमेकींवर थोड्या तरी चढलेल्या असाव्या लागतात. कोयनानगर सोडून घाट उतरताना दोन वळणांवर माझा कॉल दर खेपेस तुटतो. मागचा टॉवर डोंगराआड गेलेला असतो आणि पुढचा अजून दिसलेला नसतो. सहप्रवाशांपैकी ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपन्यांची सिम होती, त्यांचीही तीच गत झाल्यामुळे या बाबतीत मी गुण कापत नाही.

गुण कापले ते वाडीत. घराच्या भिंती जांभ्याच्या, जाड आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या. माजघरात फोनच्या सेटिंगमध्ये सिमची स्थिती उघडून पाहिली तर सिग्नल उणे ११८ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) दिसतो, तर पडवीच्या खांबाला टेकून उभे राहिले की तो उणे ९८ होतो. हा २० चा फरक किरकोळ वाटतो, पण या मोजणीत दर १० ला दहापट या हिशेबाने पडवीत शंभरपट सिग्नल मिळतो. म्हणून आईने खांबाला खिळा मारून त्याला कापडी पिशवी अडकवली आहे आणि फोन दिवसभर तिच्यात असतो. त्यातही एक गोम अशी की, समोरच्याचे बोलणे आम्हाला स्वच्छ ऐकू येते, पण आमचे त्याच्यापर्यंत तुटक पोहोचते. टॉवर वीस-चाळीस वॅट ताकदीने बोलत असतो, तर फोनकडे जेमतेम एक पंचमांश वॅट असतो. शिवाय दूरच्या टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी तो सगळा जोर लावतो आणि बॅटरी दुपारपर्यंत उतरते.

गणपतीत चाकरमानी आले की निराळाच प्रकार होतो. पडवीत फोनवर सिग्नलच्या चार काड्या उभ्या असतात, तरी नातवंडांचा व्हिडिओ कॉल नुसता फिरत राहतो. टॉवरचा आवाज आपल्याला किती मोठा ऐकू येतो, एवढेच काड्या सांगतात. त्या सेलमध्ये किती जणांना वाटेकरी केले आहे, हे त्या सांगत नाहीत. एरवी दोन-तीन वाड्यांना पुरणारा सेल त्या आठवड्यात मुंबईहून आलेल्या शेकडो फोनांमध्ये वाटला जातो. ‘पावसात रेंज जाते’ हेही अर्धेच खरे आहे: फोन ज्या फ्रिक्वेन्सींवर चालतो त्यांना पाऊस फारसा अडवत नाही, पण टॉवर पुढच्या नेटवर्कशी तारेऐवजी तबकडीसारख्या अँटेनाने जोडलेला असेल तर तिच्या बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीला मुसळधार सरी नक्कीच भोवतात. शिवाय वीज गेली की आमच्या टॉवरची बॅटरी तीन-चार तासांत संपते. मग फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे उमटते, म्हणजे दुसऱ्या एखाद्या कंपनीचा टॉवर जिवंत असतो आणि ११२ तेवढा लागू शकतो.

ग्राहक सेवेचा अनुभव निराशाजनक होता. फोन बंद करून चालू करण्याचा सल्ला तीनदा मिळाला आणि चौथ्या वेळी, कोणीही न येता, तक्रारीचे निवारण झाल्याचा संदेश आला. त्यानंतर मी तीस दिवसांच्या मुदतीत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे लिहिले, तेव्हा कुठे एका अभियंत्याचा फोन आला. टॉवरवरील तीन अँटेनांपैकी एकही आमच्या वाडीकडे वळलेला नाही, दोन महामार्गाकडे आहेत, हे त्याने सरळ सांगितले. बदल काही झाला नाही, पण खरे कारण कळले. (बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर घेण्याचा मोह मलाही झाला होता, पण परवानगीशिवाय ते लावणे बेकायदा आहे आणि त्यांच्यामुळे शेजाऱ्यांचीच रेंज बिघडते.)

या सेवेची एक सोय मात्र मनापासून आवडली: वाय-फाय कॉलिंग. गावातील केबलवाल्याची फायबर जोडणी घेतल्यापासून माजघरातूनही त्याच क्रमांकावरून साधा कॉल लागतो, कारण तो टॉवरऐवजी इंटरनेटवरून कंपनीपर्यंत जातो. वीज गेल्यावर राउटर चालावा म्हणून एक लहानसा बॅकअप घेतला आहे.

पुण्यासाठी पाचपैकी साडेचार आणि वाडीसाठी दोन गुण देतो. माझे सिम मी ठेवले आहे; आईच्या फोनमध्ये दुसरे सिम घातले असून त्या कंपनीचा टॉवर खाडीपलीकडून थेट आमच्या पडवीसमोर दिसतो. खांबावरची पिशवी आईने अजून काढलेली नाही.