क्रिमिनॉलॉजी, लॉ की सायकॉलॉजी? इंग्लंडमधल्या कॉलेजचे विषय निवडताना

इंग्लंडमध्ये जीसीएसईची (आपल्या दहावीसारखी) परीक्षा संपली की आपल्या मराठी घरांमध्ये हा वाद हमखास होतो. मुलीने दोन वर्षं क्राइम डॉक्युमेंटरीज बघून काढलेल्या असतात त्यामुळे तिला क्रिमिनॉलॉजी हवी, बाबांना लॉ हवं कारण सॉलिसिटर म्हटलं की बरं वाटतं, आणि पुण्याहून आजी व्हिडिओ कॉलवर विचारणार, अगं म्हणजे ही पोलिसात जाणार का? (इथलं कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी, युनिव्हर्सिटी त्यानंतर, हे आजीला दरवेळी सांगावं लागतं.) तीनही विषय लांबून सारखेच दिसतात पण आत गेलं की अभ्यास, परीक्षा, पुढचे रस्ते सगळंच वेगळं.

एकच केस घेऊन बघा, म्हणजे फरक कळेल. किरणजित अहलुवालिया. दहा वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला, १९८९ मध्ये तो झोपलेला असताना त्याला पेटवलं, तो गेला, हिला खुनासाठी जन्मठेप. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या महिला संघटनेने मोहीम चालवली, १९९२ मध्ये अपील कोर्टाने खुनाचा निकाल रद्द केला आणि पुढे सदोष मनुष्यवधावर ती सुटली.

लॉच्या वर्गात प्रश्न असा असतो की त्या वेळच्या कायद्याप्रमाणे 'प्रोव्होकेशन' (चिथावणी) या बचावासाठी ताबा अचानक सुटायला हवा होता, मग मधे वेळ गेला तर बचाव टिकतो का, डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी (डिप्रेशनसारख्या मानसिक आजारामुळे जबाबदारी कमी धरणं) का टिकली, आणि २००९ च्या कायद्याने प्रोव्होकेशन काढून 'लॉस ऑफ कंट्रोल' (ताबा सुटणं) आणलं तेव्हा 'अचानक' ही अट का गेली. सायकॉलॉजीवाला विचारणार की डिप्रेशनमुळे माणसाच्या विचारात नेमकं काय बदलतं, ते मोजायचं कसं, आणि तो अभ्यास कोणावर केला होता. क्रिमिनॉलॉजीत प्रश्न अजून वेगळा: अशा गोष्टी वर्षानुवर्षं पोलिसांपर्यंत का जात नाहीत, भीती, लाज, 'लोक काय म्हणतील', आणि मोहिमेने लोकांचं मत कसं फिरवलं. तीन प्रश्नांपैकी आपल्या मुलाला कुठल्यावर जेवताना वाद घालावासा वाटतो ते बघा, निम्मं काम तिथेच होतं.

आता लॉ. सगळ्यात मोठा गैरसमज हा की लॉ म्हणजे खून आणि कोर्ट. एक्यूए बोर्डाच्या ए-लेव्हलला (कॉलेजच्या दोन वर्षांनंतरची परीक्षा) दोन-दोन तासांचे तीन पेपर, त्यातला क्रिमिनल लॉ फक्त पहिल्यात. दुसऱ्यात टॉर्ट, म्हणजे निष्काळजीपणा, नुकसानभरपाई, जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाली ती १९३२ ची डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन. तिसऱ्यात काँट्रॅक्ट किंवा ह्युमन राइट्स. केसेसची नावं ढीगभर पाठ करायची आणि मग काल्पनिक प्रसंग देऊन विचारतात की यात कोण जबाबदार. ज्याला नियम लावून बघायला आवडतं त्याला हे कोड्यासारखं आवडतं, ज्याला फक्त गुन्हेगाराच्या डोक्यात काय चाललंय एवढंच हवं असतं तो टॉर्टला कंटाळतो. आणि हो, एलएलबीला जायला ए-लेव्हल लॉ लागतच नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज, यूसीएल एलनॅट ही प्रवेशपरीक्षा घेतात, त्यातही कायद्याचं ज्ञान तपासत नाहीत, वाचन आणि युक्तिवाद तपासतात. म्हणजे लॉ घ्यायचं तर आवडतं म्हणून घ्या, बाबांच्या 'पुढे उपयोगी पडेल'साठी नको.

सायकॉलॉजीवर जरा जास्त बोलते, कारण इथे फसणारी मुलं जास्त. ए-लेव्हलला मॅथ्सनंतर सगळ्यात जास्त मुलं हाच विषय घेतात आणि बऱ्याच जणांना वाटतं सोपा असणार, मन वगैरे वाचायचं. प्रत्यक्षात हा सायन्ससारखा विषय आहे. किमान १० टक्के मार्क गणिताचे, रिसर्च मेथड्स सगळीकडे घुसलेल्या, बायोसायकॉलॉजीत मेंदूचे भाग आणि न्यूरॉन. प्रत्येक प्रयोग नुसता सांगून चालत नाही, त्यातल्या चुका काढायच्या. उदाहरणार्थ लॉफ्टस आणि पामर, १९७४: गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली आणि नंतर वेग विचारताना फक्त क्रियापद बदललं. 'स्मॅश्ड' ऐकलेल्यांचा सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल, 'काँटॅक्टेड' ऐकलेल्यांचा ३२. भारी वाटतं ना? पण मार्क मिळतात ते पुढच्या वाक्याला, की हे विद्यार्थी होते, फिल्म बघत होते, खऱ्या अपघाताची भीती त्यात नव्हती. असे १६-१६ मार्कांचे निबंध. गुन्हेगारीचा भाग म्हणजे फॉरेन्सिक सायकॉलॉजी, तो तिसऱ्या पेपरमधला पर्याय असतो आणि कॉलेज कुठला पर्याय शिकवतं हे कॉलेज ठरवतं, मुलगी नाही! फॉरेन्सिकसाठी विषय घेतला आणि वर्गात ॲग्रेशन शिकवलं असं होऊ शकतं. ओपन इव्हनिंगला, म्हणजे कॉलेज बघायला बोलावतात त्या संध्याकाळी, पहिला प्रश्न हाच विचारा.

क्रिमिनॉलॉजी म्हणजे वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी डब्ल्यूजेईसी या बोर्डाचा अप्लाइड डिप्लोमा, ए-लेव्हल नाही पण युकॅसचे (युनिव्हर्सिटी प्रवेशाचे) पॉइंट्स तेवढेच, ए-स्टारला ५६. त्यात चार युनिट्स, प्रत्येकी २५ टक्के. दोन युनिट्सची दीड-दीड तासाची परीक्षा आणि दोन युनिट्स वर्गात देखरेखीखाली, आठ-आठ तास बसून, स्वतःच्या नोट्स घेऊन लिहायची. परीक्षेच्या हॉलमध्ये ज्यांचे हातपाय गळतात त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. एका युनिटमध्ये मुलं स्वतः एक मोहीम आखतात, पोस्टर, लीफलेट करतात, दुसऱ्यात घटनास्थळापासून कोर्टापर्यंतचा प्रवास असतो. पण सीएसआय मालिकेतलं काही नाही, लॅब नाही, डीएनए काढायचा नाही, लिहायचंच असतं आणि पानंच्या पानं. आणि इंग्लंडमध्ये लेव्हल ३ च्या (ए-लेव्हलच्या पातळीच्या) कोर्सेसची फेररचना चालू आहे, त्यामुळे तुमच्या सप्टेंबरच्या बॅचला कोणतं क्वालिफिकेशन मिळणार आणि ते किती ए-लेव्हलच्या बरोबरीचं, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

क्रिमिनॉलॉजीचा तोटा युनिव्हर्सिटीच्या प्रवेशात. बऱ्याच ठिकाणी क्रिमिनॉलॉजी आनंदाने चालते, पण ऑक्सफर्ड, केंब्रिज, एलएसईसारख्या ठिकाणी तीन ए-लेव्हल मागतात आणि मग हा तिसरा विषय धरता येत नाही. मुलाचं स्वप्न तिथलं असेल तर नको, सरळ सांगते.

तिन्ही एकत्र घ्यावेत का? घेता येतात, घेतातही. क्रिमिनॉलॉजीच्या थिअरीज युनिटमधले लॉम्ब्रोझो आणि आयझेंक (माणूस गुन्हेगार का होतो याचे सिद्धांत मांडणारे) फॉरेन्सिकमध्ये पुन्हा भेटतात, ज्युरी आणि मॅजिस्ट्रेट लॉमध्ये पुन्हा भेटतात, त्यामुळे अभ्यास हलका होतो हे खरं. पण तिन्ही विषय लिहिण्याचे, आणि सोळाव्या वर्षीची आवड अठराव्या वर्षी बदलली तर हातात दुसरं काही नाही. माझं मत विचाराल तर सायकॉलॉजी आणि बायॉलॉजी किंवा मॅथ्स, आणि तिसरं लॉ किंवा क्रिमिनॉलॉजी यातलं एक. क्लिनिकल किंवा फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर डिग्री बीपीएस-मान्य (ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेली) लागते आणि सायकॉलॉजीच्या डिग्रीला बऱ्याच युनिव्हर्सिटीज एखादा सायन्स विषय बघतात, तिथे हे कॉम्बिनेशन कामाला येतं. पोलीस, प्रोबेशन, सोशल वर्क असं डोक्यात असेल तर क्रिमिनॉलॉजी, सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी छान बसतं, त्यात कमीपणा काही नाही, आपल्या लोकांना उगाच वाटतो.

अजून एक, सायकॉलॉजीला बरीच कॉलेजेस जीसीएसई मॅथ्समध्ये ५ किंवा ६ ग्रेड मागतात, ऑगस्टच्या निकालाच्या दिवशी धावपळ नको म्हणून आधीच बघून ठेवा. विषय बदलायला सप्टेंबरचे पहिले काही आठवडे सहसा मोकळे असतात, पण लॉमधून सायकॉलॉजीत जायचं तर त्या वर्गात जागा उरलेली लागते आणि गर्दी नेमकी तिथेच असते, तेव्हा शंका असेल तर सायकॉलॉजीत नाव घालून सुरुवात करा आणि मग बाहेर पडा.