लांब युद्धजहाज की पोटाळ क्नार?

व्हायकिंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते निमुळतं युद्धजहाज. डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या खाडीतून १९६२ साली पाच जुनी जहाजं बाहेर काढली, त्यात असं एक होतं. सुमारे ३० मीटर लांब. इतकं, की संशोधकांना आधी ती दोन वेगळी जहाजं वाटली! रुंदी जेमतेम पावणेचार मीटर, वल्ही मारायला साठेक गडी. १०४२च्या सुमारास डब्लिनला ओकच्या लाकडात बांधलेलं. पाण्यात मीटरभरच बुडायचं, म्हणून उथळ नदीतही शिरायचं. माल ठेवायला जागा मात्र नावालाच.

त्याच खाडीत क्नारही, म्हणजे व्हायकिंगांचं मालवाहू जहाजही, सापडलं. लांबी निम्मी, पोट सुटलेलं. वीसेक टन माल पेलायचं, आणि चालवायला माणसं सहा-आठ. सगळी भिस्त शिडावर. आइसलंड-ग्रीनलंडला गुरं, धान्य, बायकापोरं नेली ती असल्या जहाजांनीच. वर छप्पर नाही, शेजारी मेंढ्या, अंगावर अटलांटिकचं गार पाणी.

माझं मत क्नारला. दरारा पहिल्याचा असेल, पण संसार यानेच वाहिला.

शेवट मात्र दोघांचा सारखाच: शत्रूची वाट अडवायला, दगड भरून मुद्दाम बुडवलेली.