घरी किट कार बांधायची की जुनी जीप उभी करायची? नागपुरात बसून केलेली तुलना

मागच्या महिन्यात भाचा घरी आला. बुटीबोरीला नोकरी करतो, हाताला काम आहे त्याच्या, कॉलेजात असताना बाहाच्या (पोरांनी स्वतः बग्गी बांधून चालवायची स्पर्धा) टीममध्ये होता म्हणजे पिथमपूरला नॅट्रॅक्सच्या टेस्ट ट्रॅकवर चिखलातून बग्गी काढून आलेला पोरगा. चहा झाल्यावर हळूच म्हणाला, "मामा, मी घरी गाडी बांधायचा विचार करून राहिलो, छोटी, उघडी, दोन सीटची, लोटस सेव्हनसारखी. तुम्ही सांगा, तीच करू का जुनी जीप घेऊन नीट करू?"

या दोन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्यात. जीप मी स्वतः उभी केली, महिंद्राची एमएम 540, 2016 मध्ये उमरेडकडून टो करून आणली होती. आणि मानेवाड्याच्या माझ्या मित्रानं चौकोनी पाइपपासून सेव्हन टाइपची गाडी बांधली, तिच्या वेल्डिंगला दोन वर्षं जवळपास दर रविवारी मी त्याच्या अंगणात होतो. भाच्याला जे सांगितलं तेच इथं लिहून राहिलो, कारण हाच प्रश्न घेऊन बसलेले अजून बरेच जण असतील.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. बाहेरच्या देशात किट कार म्हणतात ती खोक्यात येते. कॉलिन चॅपमननं 1957 मध्ये लोटस सेव्हन आणली, 1973 पासून ती कॅटरहॅम कंपनी बनवते, तुम्ही पैसे भरले की चेसिस, सस्पेन्शन, बॉडी, वायरिंग सगळं घरी येतं, कंपनी साधारण 80 ते 100 तास सांगते जोडायला, आणि ब्रिटनमध्ये एकेका गाडीची वेगळी तपासणी होऊन तिला नंबर मिळतो. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा, सगळा फरक तिथंच आहे. आपल्याकडे असं खोकं येत नाही. आपल्याकडे घरी किट कार म्हणजे पाइप आणायचा, ड्रॉइंगवरून चेसिस बांधायची, एखाद्या जुन्या ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल काढून त्यात बसवायचा आणि वर फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियमची बॉडी चढवायची. अलिबागच्या चिंकाराची रोडस्टर किंवा गोव्याची सॅन स्टॉर्म लोकांना आठवते, पण त्या कंपन्यांनी बनवून विकलेल्या गाड्या होत्या, अंगणात बांधलेल्या नव्हत्या.

आता पासिंगचं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 39 प्रमाणे रजिस्ट्रेशनशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि रजिस्ट्रेशनसाठी त्या मॉडेलला टाइप अप्रूव्हल लागतं, म्हणजे मॉडेल नियमात बसतं असा दाखला, जो पुण्याची एआरएआय, मानेसरची आयसीएटी, नगरची व्हीआरडीई असल्या संस्था देतात आणि तो कंपनीच्या नमुना गाडीच्या टेस्टिंगवर असतो, म्हणजे ब्रेक, लाइट, एमिशन सगळं, कंपनीच्या हिशोबानं ठरलेलं. एका माणसानं एक गाडी बांधली आणि घेऊन गेला, असा सरळ रस्ताच नाहीये. मग लोक काय म्हणतात, की ओम्नीची आरसी आहे ना, तिच्याच नावावर चालवू. नाही चालत भाऊ. सुप्रीम कोर्टानं 9 जानेवारी 2019 ला कलम 52 वर निकाल दिला, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून बदललेली गाडी चालणार नाही असा, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182 ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन गेलं तर त्याच जातीचं इंजिन आरटीओच्या परवानगीनं टाकता येतं, पण ओम्नीची रोडस्टर करून तिला ओम्नी म्हणवता येत नाही.

सांगलीच्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांचं तर सगळ्यांनीच पाहिलं असेल. भंगारातून छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी, खर्च साधारण 60 हजार. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ टाकला, कौतुक केलं, पण हेही लिहिलं की ती नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अडवली जाईल, म्हणून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी 2022 मध्ये ती दिलीसुद्धा. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. पण बघा, एवढं कौतुक होऊनही त्या गाडीला नंबर नाहीच मिळाला.

आणि नंबर नाही म्हणजे इन्शुरन्स नाही. थर्ड पार्टी नसताना कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून, आणि त्या रकमेला वरची मर्यादा नाही. रात्री रिंग रोडला एक चक्कर मारून येतो असं मनात येतं ना, तेव्हा हे आठवा.

आता कामाचं बोलू, कारण इथं मात्र किट कार जिंकते आणि मी ते मनापासून सांगतो. एनआयटी ले-आउटमधला 1500 फुटांचा प्लॉट, त्यात पोर्चची जागा असली की पुरते, कारण सेव्हन जेमतेम 3.1 मीटर लांब असते. 25 मिमी चौकोनी, 16 गेजचा पाइप, मीटरला साधारण 1.2 किलो, म्हणजे पूर्ण फ्रेमचा पाइप एका ऑटोतून येतो आणि अख्ख्या गाडीत सगळ्यात स्वस्त तोच पडतो. मित्रानं जाड प्लायवर 1:1 ड्रॉइंग काढून त्यावर पाइप ठोकून बसवले होते. पहिल्याच आडव्या चौकटीला टॅक, म्हणजे वेल्डचा छोटा ठिपका, मारला तेव्हा गुण्या लावून बघितलं, कोपरा बरोबर, मग उत्साहात एकाच बाजूनं पूर्ण वेल्ड ओढत नेला आणि थंड झाल्यावर दोन्ही कर्ण मोजले तर 4 मिलिमीटरचा फरक! लोखंडानं ओढून घेतलं होतं. सगळं ग्राइंडरनं कापून परत. त्यानंतर आम्ही सगळी फ्रेम आधी नुसत्या टॅकवर उभी केली, मग एक जोड पुढचा, एक मागचा, एक डावा, एक उजवा असं फिरून फिरून पक्कं केलं, मध्ये हात लावता येईल एवढं थंड होऊ दिलं. हे शिकायला पैसे देऊनही मिळत नाही.

पण सगळ्यात काळजीची जागा पुढचं सस्पेन्शन. भाग काढून घ्यायला ओम्नी चांगली कारण 796 सीसीचं इंजिन गाडीच्या लांबीत बसतं आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना, पण तिला पुढं मॅकफर्सन स्ट्रट म्हणजे उंच शॉकअ‍ॅब्सॉर्बर आहेत, सेव्हनच्या बुटक्या नाकात ते मावत नाहीत, म्हणून विशबोन, म्हणजे चाक धरणारे आडवे हात, स्वतः बनवावे लागतात. त्या एका वेल्डवर चाक, ब्रेक आणि तुमचा जीव असतो. मित्रानं ते हात स्वतः नाही केले, हिंगणा एमआयडीसीतल्या एका पक्क्या टिग वेल्डरकडून करून घेतले आणि लेथवाल्याकडून बुश टर्न करून आणले. त्याचा हा निर्णय मला अख्ख्या गाडीत सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

आपल्या हवेचंही बघावं लागतं. मे महिन्यात 45 डिग्रीत फायबरचं रेझिन बादलीतच घट्ट होतं, हार्डनर 1 टक्क्यावर आणून सकाळी 6 वाजता काम उरकावं लागतं. आणि कूलर चालू झाले की व्होल्टेज पडतं, वेल्ड बसत नाही नीट. जूनमध्ये पाऊस लागला की उघडा पाइप एका रात्रीत तांबूस, म्हणून जिथं काम संपलं तिथं त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात.

पैसे? मित्राचे दोन वर्षांत पावणेतीन लाखाच्या आसपास गेले, टूल्स धरून. माझी जीप 1,40,000 ला आली आणि उभी होईपर्यंत 3,60,000 वर गेली, 14 महिने लागले. म्हणजे जीप महाग पडली. पण आज ती विकायला काढली तर दारात माणसं येतील, मित्राच्या गाडीला गिऱ्हाईक नाही, कारण कागदच नाही.

जीपचं काम वेगळं असतं, तिथं बांधण्यापेक्षा खोलणं जास्त. कमानीच्या पाट्यांचे शॅकल बोल्ट गंजून एकजीव झालेले, डिझेल टाकून दोन दिवस ठेवले, मग गॅसनं लाल केले तेव्हा कुठं हलले. फ्लोअर सडलेला, तो कापून नवीन पत्रा. इंजिन मात्र प्यूजोचं 2112 सीसीचं एक्सडीपी, त्याचं काम येणारे मिस्त्री नागपुरात अजून आहेत, आणि सुटे भाग मिळतात. खूप काही नवीन शिकलो असं नाही म्हणणार, पण सहनशक्ती वाढली.

आणि एक गोष्ट, जी जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी हात धरून सांगतो. चेसिस नंबर आधी बघा, सौदा नंतर. माझ्या जीपचा नंबर पेंटच्या चार थरांखाली होता. डेंटर म्हणाला ग्राइंडर मारतो, दोन मिनिटांत चकचकीत. मी त्याचा हात धरला. ग्राइंडर मारला असता तर कोरलेले आकडे गेले असते आणि आकडे गेले की गाडी भंगार. मग पेंट रिमूव्हर लावून, जुन्या टूथब्रशनं घासत बसलो, दीड तास गेला असेल, आणि एकेक आकडा वर आला. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली, आरटीओला हेच पेन्सिल प्रिंट लागतं, आणि आरसीशी ताडून पाहिलं तेव्हा जीव भांड्यात पडला. एक आकडाही इकडचा तिकडे असता तर ते 14 महिने पाण्यात.

कागदांचं अजून थोडं. एमएच 31, 40 किंवा 49 ची गाडी मिळाली तर बघा, छिंदवाड्याकडची एमपी 28 स्वस्त दिसते पण एनओसी, इथला टॅक्स, नवीन नंबर, यात महिने जातात. 15 वर्षांनंतर रिन्यूअल दर 5 वर्षांनी, कारची फी 2022 पासून 5,000 आणि 20 वर्षांवरच्या गाडीला 2025 पासून 10,000, पर्यावरण कर वेगळा. 50 वर्षांवरची मूळ रूपातली विलीज जीप वगैरे असेल तर 2021 च्या नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी व्हीए नंबर सिरीज आहे, फी 20,000 आणि 10 वर्षांची मुदत, पण त्यावर रोज चालवता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. आणि हरियाणातल्या डबवालीहून येतात तसल्या नव्यानं बांधलेल्या, रुंद टायरच्या चमकदार जीपा बघून भुलू नका, कलम 52 त्यांनाही तेच आहे.

मग कुणी काय करावं. तुम्हाला रविवारी सकाळी बायकोपोरांना घेऊन रामटेकला जायचं असेल तर जुनी, पक्क्या कागदांची गाडी घ्या आणि तिचं मूळ रूप राखून उभी करा, दुसरा विचार नको. तुम्हाला चेसिस म्हणजे काय हे हातानं समजून घ्यायचं असेल, आणि काटोलकडं कुणाचं शेत किंवा संत्र्याची बाग असेल जिथं गाडी कुंपणाच्या आत फिरेल आणि ट्रेलरवर टाकून नेता येईल, तर किट कार बांधा, जरूर बांधा, मित्राची गाडी त्याच्या बागेत सेकंड गिअरमध्ये वळते तेव्हाचा त्याचा चेहरा मी पाहिलाय. फक्त नंबर मिळेल या आशेवर सुरू करू नका. ती आशा दोन वर्षं माणसाला कामाला लावते आणि शेवटी ताडपत्रीखाली नेऊन ठेवते.

घरात कोण काय म्हणतं हेही महत्त्वाचं. मित्राच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, दोन वर्षं पोर्च सोडला, ग्राइंडरचा आवाज सहन केला, शेजाऱ्यांची समजूत घातली. भाच्याचं लग्न ठरून राहिलं, भाड्याचं घर आहे, शेत नाही. हे सगळं त्याच्यासमोर मांडलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मामा, बांधायचं तर आहेच, पण आधी एक नंबरवाली उभी करतो, शेताचं बघू नंतर."

येत्या रविवारी आम्ही दोघं कळमेश्वरला एक 1998 ची जिप्सी बघायला चाललो. टूथब्रश, पातळ कागद आणि पेन्सिल मी पिशवीत आत्ताच टाकून ठेवलीय.