शाळा एकदम भारी, पण बस? (१४ महिन्यांनंतर)

डलासच्या उत्तरेला घर बघणाऱ्यांना रेटिंग, झोन (कुठल्या भागातल्या घरांना कुठली शाळा), कुठल्या शाळेचा निकाल काय हे सगळं पाठच असतं, म्हणून ते परत लिहीत नाही. या रिव्ह्यूत मी लिहितोय बसबद्दल.

आमचं घर शाळेपासून १.९ मैल. टेक्सासात राज्याचं बसचं अनुदान मुख्यतः २ मैल किंवा त्याहून लांब राहणाऱ्या पोरांसाठी, त्यामुळे आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (गावच्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) हात वर केले. गाडीच्या मीटरवर मोजून मेल केला तर उत्तर आलं, आमच्या नकाशात १.८७ आहे. बायको म्हणाली, विचारायला गेलासच कशाला?

मग रोज पिकअप लाइन, म्हणजे पोरांना घ्यायला आलेल्या गाड्यांची रांग. डॅशबोर्डवर नंबराची पाटी, बाहेर ३८ डिग्री, एसीपायी पेट्रोल जळतंय आणि मी मीटिंगमध्ये म्यूटवर. आणि आसपास बघावं तर शाळांची फुटबॉल स्टेडियमच स्टेडियम! शेजारच्या ॲलन गावच्या शाळेचं ६ कोटी डॉलरचं, १८ हजार सीटचं, २०१२ ला उघडलं, २०१४ ला काँक्रीटला भेगा म्हणून बंद, २०१५ ला परत चालू. फ्रिस्को गावच्या शाळांची पोरं तर काउबॉइज या व्यावसायिक फुटबॉल टीमच्या फोर्ड सेंटरमध्ये खेळतात, १२ हजार सीट, वर छप्पर. आणि माझी पोरगी उन्हात.

इथवर दिवाळीत चिडून लिहून ठेवलं होतं. नंतर कळलं की बाँडच्या (लोकांच्या मतदानाने काढलेल्या कर्जाच्या) पैशातून इमारती बांधता येतात, बसगाड्यासुद्धा घेता येतात, पण ड्रायव्हरचा पगार देता येत नाही. तो रोजच्या खर्चाच्या टॅक्समधून, आणि जिथे घरं महाग तिथल्या डिस्ट्रिक्टकडून राज्य त्यातला जादाचा पैसा काढून घेतं, इथे त्याला रॉबिन हूड म्हणतात. म्हणजे बाँडला मत देऊन स्टेडियम मिळेल, ड्रायव्हर नाही. फ्रिस्को २००० ला ३३ हजारांचं गाव होतं, २०२० ला २ लाखांचं, एवढी माणसं आल्यावर बांधकाम थांबणार कसं हेही खरंच.

आणि बांधलंय ते चांगलं बांधलंय हे कबूल करतो. सहावीतल्या पोरीला ऑर्केस्ट्रासाठी चेलो (व्हायोलिनसारखं, पण बरंच मोठं वाद्य) शाळेनेच दिला, वर्षाचं भाडं इतकं किरकोळ की मी दोनदा विचारलं महिन्याचं आहे का. पुण्यात असतो तर चेलो बघितला तरी असता का? त्या दिवशी रिव्ह्यूत दोन स्टार वाढवले.

मागच्या आठवड्यात पत्र आलं, झोन बदलला, ऑगस्टपासून नवी शाळा, अंतर २.३ मैल. बस मिळाली! पेढे आणले. मग फॉर्म नीट वाचला, मोठी वाद्यं बसमध्ये चालणार नाहीत.