वाचनालयातला वीज-मॉनिटर: होळी ते दिवाळी वापरल्यानंतर

दांडिया बाजारातल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात खाली वाचनकक्ष आणि ऑफिस, वर अभ्यासिका आणि सभागृह आहे. होळीच्या सुमारास तिथे थ्री-फेज वीज-मॉनिटर, म्हणजे प्रत्येक सर्किट किती वीज खातं ते ॲपवर दाखवणारं यंत्र, बसवून घेतला. बडोद्यातल्या किंवा इतर ठिकाणच्या ज्या संस्था, शाळा असं काही घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

डीबीत (एमसीबीच्या पेटीत) एक छोटी डबी बसते आणि तिच्या सीटी (करंट मोजणाऱ्या कड्या) प्रत्येक सर्किटच्या फेज वायरभोवती चाप लावावा तशा अडकवायच्या. वायर तोडावी लागत नाही. तरी काम परवानाधारक वायरमनकडून, मेन बंद करूनच करून घ्या आणि दोन गोष्टी समोर उभं राहून तपासा. सीटीवरचा बाण लोडच्या दिशेने हवा, नाहीतर आकडा उणे येतो. आणि कुठली सीटी कुठल्या फेजवर आहे ते ॲपमध्ये बरोबर नोंदलेलं हवं. ते चुकलं की अँपिअर ठीक दिसतात, वॉट मात्र पार भलतेच, कारण वॉट काढताना त्याच फेजचं व्होल्टेज धरावं लागतं. आमच्याकडे एका एसीचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकाराशी खऱ्या वॉटचं प्रमाण) काही केल्या जुळेना, तो यामुळेच.

लाइटबिलावर महिन्याचा एकच आकडा येतो. त्यामुळे कमिटीत दर उन्हाळ्याला तोच वाद: अभ्यासिकेतली मुलं पंखे चालू टाकून जातात. मॉनिटर लागल्यावर पहिल्याच आठवड्यात दिसलं की रात्री कुलूप लागल्यावर मुलांचं सर्किट शून्यावर येतं. तीनेकशे वॉट जात होते ते दुसरीकडेच. पाण्याचा कूलर रात्रभर पाणी गार करत होता, ऑफिसचे यूपीएस आणि प्रिंटर चालू, बाहेरच्या पाटीचा दिवा पहाटेपर्यंत. शंभर वॉट अखंड चालले तर महिन्याला ७२ युनिट होतात, हा हिशोब कमिटीच्या बैठकीत मांडला तेव्हा सगळे गप्प झाले. वर्षानुवर्षं ज्या मुलांना बोल लावला त्यांचा यात काही संबंध नव्हता, आणि हे आकड्यांनिशी सांगता आलं याचं मला फार समाधान आहे. कूलरला आणि पाटीला टायमर लावले, काम झालं.

अभ्यासिकेत मात्र वेगळाच धडा मिळाला. मॉनिटरसोबत हालचाल ओळखणारा सेन्सर मिळत होता, तो दिव्यांना जोडला. हा सेन्सर उष्णतेची हालचाल टिपतो आणि वाचणारा माणूस तर हलतच नाही. एमपीएससी, जीपीएससीची तयारी करणारी पोरं दुपारी मान खाली घालून बसलेली आणि वर दिवे बंद. ‘काका, परत लाइट गेली’ हे ऐकून ऐकून शेवटी तो जिन्यात हलवला. तिथे तो उत्तम चालतो.

खरा फरक पडला स्विचबोर्डमुळे. पूर्वी एका बटणावर पंख्यांची आख्खी रांग चाले. एक मुलगी कोपऱ्यात बसली तरी सगळी रांग चालू. ग्राफमध्ये भर दुपारी दोन वाजता आणि सकाळी आठ वाजता सारखाच लोड दिसायचा, तिथून हे उमगलं. प्रत्येक टेबलाला वेगळं बटण दिलं आणि मुलं आपणहून बंद करू लागली. पाट्या लावून हे कधी झालं नव्हतं.

पंखे बदलतानाही उपयोग झाला. साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा पंखा) तीसेक. दिवसाला चौदा तास चालणाऱ्या अभ्यासिकेतल्या पंख्यामागे महिन्याला सतराच्या आसपास युनिट वाचतात. सभागृहातले पंखे क्वचित लागतात, तिथे खर्च केला नाही.

सभागृहाचे एसी हा उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा लोड. उन्हातून आलेला माणूस रिमोट हातात घेतो आणि थेट १८ वर नेतो. आमचे एसी जुने, इन्व्हर्टर नसलेले, म्हणजे कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालू नाहीतर बंद. त्यांत १८ केल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसर थांबतच नाही. ग्राफमध्ये ती सपाट रेघ स्पष्ट दिसते. २०२० पासून स्टार लेबलवाले नवे एसी सुरू होताना २४ वर येतात, म्हणून आम्हीही २४ आणि सोबत पंखा असं ठरवलं. दाराला डोअर क्लोजर लावल्यावर कॉम्प्रेसर अधूनमधून बंद होऊ लागला.

एका सभासदांची सूचना होती की मॉनिटरच्या वेळा कॅमेऱ्याशी ताडून कोण पंखे चालू ठेवतं ते शोधावं. मी ठाम विरोध केला. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून या बडोदा संस्थानात सर्वांसाठी मोफत वाचनालयांचं जाळं उभारलं. त्या गावात वाचकावर पाळत ठेवायची नसते. मोजायचं ते सर्किट.

उणिवा आहेत. वायफाय गेलं की तेवढ्या वेळेची नोंद कायमची जाते, त्यामुळे राउटर यूपीएसवर हवा. पाच-दहा वॉटचे लोड या मोठ्या सीटींना नीट कळत नाहीत. वीज कंपनीच्या मीटरशी थोडा फरक राहतो, म्हणून बिलाच्या तक्रारीत हे आकडे पुरावा म्हणून चालणार नाहीत. ॲप फक्त इंग्रजीत आहे. आमच्या शिपाईभाईंसाठी मी दर शनिवारी आकडे कागदावर मराठी-गुजरातीत लिहून लावतो.

भाड्याची एकच खोली असेल तर हा खर्च करू नका, मीटरचं रीडिंग रात्री आणि सकाळी लिहून ठेवलं तरी निम्मं कळतं. तीन-चार वेगळी सर्किटं आणि अनेक हातांनी चालणारी इमारत असेल तर जरूर घ्या, आणि सीटी दोन जास्तीच्या मागवा. आम्हाला पाण्याच्या पंपासाठी आता वेगळी मागवावी लागली आहे.