वॉटसन उभा करताना कोणाला समोर ठेवावे?

गावच्या उत्सवातील नाटकासाठी शेरलॉक होम्सची कथा निवडली गेली आणि त्याचा मित्र व सहकारी डॉ. वॉटसनची भूमिका आपल्याकडे आली, तर तालमी सुरू होण्यापूर्वी कोणत्या नटाचे काम पाहावे, हा प्रश्न गोव्यातील हौशी नटाने गांभीर्याने घ्यावा, असे मला मनापासून वाटते. देवळाच्या मंडपातील प्रेक्षक विनोदाला भरभरून दाद देतात आणि त्या दादेच्या ओढीने वॉटसनचा विदूषक व्हायला वेळ लागत नाही.

ती वाट नायजेल ब्रूस यांनी पाडली. १९३९ ते १९४६ या काळात होम्स साकारणाऱ्या बॅझिल रॅथबोन यांच्यासोबत त्यांनी १४ चित्रपटांत धांदरट, वयस्क आणि अतिशय प्रेमळ वॉटसन रंगवला. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. कॉनन डॉयल यांच्या मूळच्या ६० कथांपैकी बहुतेक वॉटसनच सांगतो. पडद्यावर मात्र कथा सांगण्याचे काम कॅमेरा करतो आणि निवेदकाला काम उरत नाही. ती पोकळी ब्रूस यांनी हशाने भरली. त्यांचे विनोदाचे टायमिंग अभ्यासण्यासारखे असले, तरी मूळ कथांतला, अफगाणिस्तानातील मैवंदच्या लढाईत गोळी लागलेला लष्करी डॉक्टर त्यांच्यात मला कुठेच सापडत नाही. म्हणून त्यांचे अनुकरण टाळावे.

ग्रॅनाडा या ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीच्या मालिकेत जेरेमी ब्रेट यांच्या होम्सला दोन वॉटसन लाभले आणि खरी निवड या दोघांमध्येच करायची आहे. डेव्हिड बर्क (१९८४-८५) यांचा वॉटसन तरतरीत आणि उत्साही आहे; होम्सच्या तर्काने तो चकित होतो, पण बावळट दिसत नाही. १९८६ पासून १९९४ पर्यंत एडवर्ड हार्डविक आले आणि त्यांनी तो अधिक शांत व पोक्त केला. त्यांच्या नजरेत कौतुकाइतकीच, रोग्याकडे पाहणाऱ्या वैद्याची काळजी असते. संवाद होम्सच्या तोंडी असतानाही दृश्य हार्डविक यांच्या ऐकण्यावर तोललेले राहते. शिवाय १९८८ मध्ये लंडनच्या विंडहॅम्स थिएटरमध्ये ब्रेट आणि हार्डविक यांनी केवळ दोन पात्रांचे नाटकही केले, त्यामुळे त्यांचे ऐकणे रंगमंचावरही उभे राहिलेले आहे. नट पंचविशीतला असेल तर बर्क, चाळिशी ओलांडलेला असेल तर हार्डविक, असे मी सुचवीन. एकच निवडायचा झाल्यास माझा कौल हार्डविक यांना आहे.

बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेतील (२०१०-१७) मार्टिन फ्रीमन यांचा आधुनिक वॉटसन आजच्या तरुणांना सर्वांत जवळचा वाटेल. शांततेत थरथरणारा आणि संकटात स्थिर होणारा त्याचा हात ही युद्धातून परतलेल्या माणसाची अचूक खूण आहे. मात्र त्यांचा पुष्कळसा अभिनय चेहऱ्याच्या बारीक हालचालींत आहे आणि मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत तो पोहोचणार नाही. सोव्हिएत चित्रमालिकेतील (१९७९-८६) विताली सोलोमिन या बाबतीत अधिक उपयोगी ठरतील. तेथे नव्या शेजाऱ्याचे विचित्र उद्योग पाहून वॉटसनला आरंभी होम्सच गुन्हेगार असावा असा संशय येतो, आणि त्या संशयामुळे नटाला करण्यासारखे पुष्कळ मिळते.

भूमिका एखाद्या अभिनेत्रीकडे द्यायची असेल, तर ‘एलिमेंटरी’ या अमेरिकी मालिकेतील (२०१२-१९) लुसी लिऊ पाहाव्यात. त्यांची वॉटसन शस्त्रक्रिया सोडलेली सर्जन आहे आणि पुढे स्वतः शोधकार्य शिकते.

वेळ थोडाच असेल, तर बर्क यांचा शेवटचा आणि हार्डविक यांचा पहिला असे दोनच भाग पाहावेत. एकात वॉटसन रायखेनबाखच्या धबधब्यापाशी होम्सची निरोपाची चिठ्ठी वाचतो, दुसऱ्यात मेलेला समजलेला मित्र समोर उभा राहिलेला पाहून तो मूर्च्छित पडतो. हे दोन्ही प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहावेत आणि खांदे, मान व हात केव्हा हलतात, ते संहितेच्या समासात टिपून ठेवावे.